कोपरापर्यंत

मी संत्रं खात नाही. चाळीस वर्षं अमरावतीत राहणाऱ्या बाईनं असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग पित्ताचा त्रास आहे का म्हणून विचारतो. हिवाळ्यात कुणाकडे गेलं की गप्पा सुरू व्हायच्या आधी सोललेल्या फोडींची ताटली पुढे येते, आणि नाही म्हटलं तर यजमानीण रुसते. मी पित्ताचंच निमित्त सांगते. खरं कारण चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नाही. आमच्या बगिच्यातल्या प्रत्येक संत्र्याच्या झाडाला एकेका गाईचं नाव होतं, आणि ती गाय त्या झाडाखाली होती.

माझे बाबा आधी ढोरांचे होते, माणसांचे नंतर. पातूरपासून पायी तासाभरावर आमचं वावर, आणि वावरातच घर. मातीच्या भिंती, वर टिनं, आणि ढोरांचा कोठा स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटलेला. चुलीपाशी बसलं की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. रवंथ, शेपट्यांचे फटके, मुताची धार, आणि जेवताना हमखास कुणाचं तरी शेण थप्पकन पडायचं. मी घास हातात धरून थांबायची. बाबांचा चेहरा मात्र खुलायचा. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "हे चांदणीचं. पातळ पडलं, पोट बिघडलं वाटते तिचं." तीस-चाळीस ढोरं होती आणि त्यातली निम्मी काही कामाची नव्हती. लंगडी, आंधळी, म्हातारी, कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेली. बाबा विकायचे एकही नाही, आणत मात्र राहायचे. सारा गाव युरियाची पोती बंडीवर लादून आणायचा, पाठीला पंप बांधून फवारायचा. आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत त्यातलं काही यायचं नाही. आज याला सेंद्रिय शेती म्हणतात आणि त्याचे वर्ग भरतात. तेव्हा त्याला गावात एकच शब्द होता, बह्याडपणा, म्हणजे वेडेपणा. बाबांना लोक शेणबाबा म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. शाळेत मला शेणबाबाची बेबी म्हणायचे, आणि मला मरून जावंसं वाटायचं.

अंगणात निंबाखाली एक ड्रम होता. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि आंबट ताक असं सगळं सडत ठेवलेलं असायचं. उन्हाळ्यात त्यावर फेस चढायचा, फेसावर पांढऱ्या अळ्या चालायच्या, आणि त्याचा वास असा की तो नाकात नाही, घशात जाऊन बसायचा. बाबा रोज सकाळी बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायचे आणि ते ढवळायचे. काठी चालायची नाही, काठीला समजत नाही म्हणे. ढवळून झालं की बोटाचं टोक जिभेला लावायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "आज जमलं." मग तोच हात धोतराला पुसून न्याहारीला बसायचे. भाकर मोडायचे, झुणक्यात बुडवायचे, आणि कौतुकानं एक घास माझ्यापुढे धरायचे. मी तोंड फिरवलं की हसायचे. "तुले घाण कायची वाटते व, बेबे? जे पोटात जाते थेच बाहेर येते, थेच वावरात जाते, आन् पुन्हा तुयाच पोटात येते." एवढं बोलून घास स्वतःच्या तोंडात टाकायचे.

पाहुणे आले की रोडग्यांचा बेत ठरलेला. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, वरून बचकभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात रोडगे सगळीकडेच होतात आणि मीही आज आवडीनं खाते. पण आमच्याकडे गोवरी नीट वाळायच्या आधीच चुलीत जायची आणि रोडग्याच्या सालीला तिचा वास राहायचा. माय निमूट खायची. ती खेर्ड्याहून सून म्हणून आली तेव्हा म्हणे महिनाभर उलट्या काढत होती आणि बायका भलताच अर्थ काढत होत्या. एकदा मी रडत तिला विचारलं की तुला हे सहन कसं होतं. ती भांडं घासता घासता म्हणाली, "नाक मरू दे, मंग सोपं जाते." माझं नाक काही मेलं नाही. अजूनही मेलेलं नाही.

साबण घरात बंद होता. साबणाचं पाणी मातीतले जीव मारतं असं बाबांचं म्हणणं. आंघोळीचं पाणी मागच्या दारी अळूच्या वाफ्यात जायचं, म्हणून आंघोळ शिकेकाईनं, रिठ्यानं, नाहीतर काळ्या मातीनं. राखेनं हात घासायचे. पण कोठ्याचा वास राखेला भीक घालत नाही. तो केसांत असतो, नखांत असतो, वेणीच्या रिबिनीत असतो. वर्गात माझ्या बाकावर तिसरी मुलगी बसायची नाही. पावसाळ्यात सर मला दुसरं काही न बोलता फक्त खिडकी उघडायला सांगायचे. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्या खिडकीचा राग माझ्या मनातून गेला नाही. शेवटी एका मैत्रिणीनं तिच्या घरच्या गुलाबी साबणाचा अर्धा तुकडा चिंधीत गुंडाळून दिला. मी तो निंबाच्या ढोलीत लपवला. रात्री देवाचं नाव घेण्याऐवजी मी त्या साबणाचा वास आठवायची.

आता संत्र्यांचं. गाय मेली की बाबा ती कुणाला नेऊ द्यायचे नाहीत. बगिच्यात पुरुषभर खड्डा खणायचे, तिला त्यात निजवायचे, वरून शेण आणि माती, आणि पुढच्या पावसात त्यावर संत्र्याचं कलम. झाडाला तिचं नाव. बाजारात आमच्या संत्र्यांना तोड नव्हती हे मान्य केलंच पाहिजे. सालीला हात लावला की रस बोटांवर यायचा. पाहुण्यांना फोडी देताना बाबा प्रेमानं सांगायचे, "घ्या, हे आपल्या कपिलीचे हायत." पाहुण्यांना वाटायचं, कपिली म्हणजे झाडाची जात. मी दहा वर्षांची होईपर्यंत खात होते. मग एकदा आळं करताना बाबांची कुदळ कशाला तरी अडली. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, हातानं माती सारली आणि दाखवलं. एक शिंग होतं, आणि त्याच्या पोकळीतून झाडाचं मूळ आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं होतं, केसांसारख्या पांढऱ्या तंतूंसकट. "पाह्य, कशी धरून ठेवली तिनं," बाबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिथंच ओकले. त्या सकाळी मी तीन संत्री खाल्ली होती.

मध्ये अमरावतीत शेतमालाचं एक प्रदर्शन लागलं होतं. तिथं एका दुकानात चष्मा लावलेली एक पोरगी काचेच्या लांबड्या बाटलीतून आमच्या ड्रममधलंच पाणी विकत होती. बाटलीवर हिरवं पान छापलेलं. मला म्हणाली, "काकू, वास घेऊन बघा ना, अगदी नैसर्गिक आहे." मी पुढच्या दुकानाकडे वळले. लोक आता मला म्हणतात की तुमचे बाबा काळाच्या पुढे होते. असतील. त्यांची माती काळी आणि भुसभुशीत होती, आणि शेजाऱ्यांची दगड झाली, हेही खरं. पण ज्यांनी तो हात जेवणाच्या ताटात पाहिला नाही त्यांनी मला त्याचं मोठेपण शिकवू नये. मला अजून किळस येते, आणि ती येते असं म्हणायचा हक्क मी वय झालं म्हणून सोडणार नाही.

मी मॅट्रिकला होते त्या उन्हाळ्यात ढोरं चारणारा गडी बहिणीच्या लग्नाला गेला आणि चार दिवस ढोरं माझ्याकडे आली. नाल्याला थोडं पाणी होतं. ढोरं सावलीत बसल्यावर मी ढोलीतून आणलेला साबण काढला, केस सोडले आणि डोकं धुवायला बसले. फेस डोळ्यांत गेला होता, तो मला पुसवत नव्हता इतका तो आवडत होता. तेवढ्यात हरणी ओरडली. डोळे उघडले तर एक कुत्रा तिच्या नाकपुडीला लोंबकळत होता. तोंडाला लाळ, मागचे पाय फरफटत. मी दगड मारले, तो सोडून वेडावाकडा धुऱ्याकडे निघून गेला. हरणी बाबांची लाडकी गाय. तांबूस अंगाची, काजळ घातल्यासारखे डोळे. जखम लहानशी होती. मी ती चिखलानं भरली आणि घरी सांगितलं की बाभळीचा काटा लागला. कुत्र्याचं सांगितलं असतं तर मी काय करत होते हे सांगावं लागलं असतं, आणि साबण गेला असता. एवढ्यासाठी मी गप्प राहिले. तो कुत्रा कसा होता हे मला तेव्हाच कळलं होतं.

पेरण्या आटोपल्या आणि हरणीनं खाणं टाकलं. तेव्हा ती आटलेली होती, दूध देत नव्हती, एवढंच काय ते नशीब. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. घोगरं, तुटक ओरडायची आणि तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. पाण्याची बादली पुढे केली की तोंड घालायची, पण गिळता यायचं नाही. आमच्याकडे ढोरानं असं केलं की कुणीही शहाणा माणूस एकच गोष्ट म्हणतो, घशात काहीतरी अडकलं. बाबाही तेच म्हणाले. "आंब्याची कोय असन." त्यांनी बाही वर केली, डाव्या हातानं तिची जीभ बाजूला ओढली आणि उजवा हात कोपरापर्यंत तिच्या घशात घातला. हात आत फिरवत राहिले आणि तिच्याशी बोलत राहिले, "थांब माय, थांब, निंघते आता." संत्र्याच्या काट्यांनी त्यांचे हात कायम ओरखडलेले असायचे. कोय सापडली नाही. हात बाहेर काढला तो लाळेनं चकाकत होता. त्यांनी तो धोतराला पुसला आणि चुलीपुढे येऊन बसले. भाकरीला हात घालणार तोच मी ताट ओढलं.

"बाबा, हरणीले कुत्रा चावला होता."

"कवा?"

"आंब्याच्या दिवसात. नाल्यावर. पिसाळलेला होता."

"तू कोठी होती?"

"तिथीच होती. डोकं धुवून राहिली होती."

"कशानं?"

मी खाली पाहिलं. "साबणानं."

माय तव्यावरची भाकर विसरली. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "नाल्यात साबण? आपल्या नाल्यात? तिथी ढोरं पाणी पेतेत, बेबे!" कुत्र्याबद्दल एक शब्द नाही.

गड्यानं पातूरहून ढोराचा डॉक्टर आणला. त्यानं दुरूनच हरणीला पाहिलं आणि बाबांना विचारलं, "भाऊ, तोंडात हात घातला होता का?"

"कोपरापर्यंत."

"आधी साबणानं हात धुवा, चांगला घासून. अन् उद्याच अकोल्याले सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा सुया घ्या लागतीन. हा रोग एकदा उमटला का मंग इलाज नाही. माणूस पाण्याले पाहून मरते."

मी धावत जाऊन ढोलीतला साबण आणला. तोवर बाबा ड्रमपाशी गेले होते. डॉक्टरच्या देखत त्यांनी तो हात त्या सडक्या पाण्यात घातला, खळखळून ढवळला, आणि बाहेर काढून दाखवला. बोटांवरून अळ्या ओघळत होत्या. "हा माया साबण," ते म्हणाले. "मी माया ढोराईले कवा सुई लावू देली नाई, आन् मी घेऊ? हरणी मायी हाय. थे मले काई करत नाई." डॉक्टरनं रुमाल नाकाला लावला, हरणीला दोन दाव्यांनी बांधायला सांगितलं आणि गेला. मी साबण मुठीत धरून उभी होते. माय त्या रात्री त्यांच्या पाया पडली, आणि ते म्हणाले की आता त्यांना झोपू दे, सकाळी बगिच्यात काम आहे.

सकाळी हरणी निंबाला दोन बाजूंनी बांधलेली होती आणि तिच्यापुढे सरकीच्या ढेपेची बादली तशीच पडली होती. तिनं रात्रभर तोंड घातलेली. ढेप वर फुगली होती आणि त्यावर लाळेचा थर, भेंडी चिरताना सुटते तशा ताराच तारा. बाबा ड्रम ढवळत होते. मला काय करायचं ते ठरवायला वेळ लागला नाही, करायला लागला. मी गड्याला बादली ओढून घ्यायला लावली. बाही वर केली. मायबरोबर काटेरी फांद्या उचलून माझेही हात ओरखडलेले होते. बाबांकडे पाहत मी हात त्या बादलीत घातला. कोमट होतं. बोटांच्या मध्ये शिरलं, मनगटाभोवती गुंडाळलं गेलं. मी डोळे मिटले नाहीत आणि कोपर बुडेपर्यंत हात खाली नेला. पोटातून आंबट पाणी वर आलं, ते गिळलं. आयुष्यात मला त्याहून घाण काही वाटलेलं नाही. मायनं किंकाळी फोडली.

"आता मले बी लागलं," मी बाबांना म्हणाले. "तुमी सुया घेसान तं मी घेतो. तुमी नाई घेसान तं मी बी नाई."

बाबांनी ड्रममधून हात काढला. माझ्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तुले तं माया हातचा घास चालत नाई. आन् याच्यात हात घातला?" मी तो हात तसाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी विहिरीवरून घागर आणली. माझ्यासमोर उकिडवे बसले. "तुया साबण कोठी हाय?"

माझा साबण दुसऱ्या मुठीतच होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा, आणि नाक मुरडलं. पहिल्यांदा मी त्यांना कशाला तरी नाक मुरडताना पाहिलं. मग त्यांनी माझा हात बोटांपासून कोपरापर्यंत घासला. तीनदा फेस केला, तीनदा पाणी ओतलं. नंतर स्वतःचा हात पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली. तो मी घासला. नखांखालचं वर्षानुवर्षांचं काळं निघत नव्हतं, तरी घासला. साबणाचं पाणी निंबाच्या मुळाशी चाललं होतं आणि ते त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. तुकडा संपला. ते उठले आणि मायला म्हणाले, "टोपी आण. पातूरहून पहिली एस.टी. किती वाजता हाय?"

चौदा दिवस आम्ही अकोल्याला जात-येत राहिलो. बेंबीभोवती सुया टोचायच्या, पोट दगडासारखं व्हायचं, आणि एस.टी.च्या प्रत्येक खड्ड्याला जीव जायचा. आम्ही फारसं बोलायचो नाही. पहिले दोन दिवस बाबांनी सुई घेताना दात घट्ट आवळले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंपाउंडरला विचारलं की हे औषध कशाचं आहे. तो म्हणाला, मेंढीच्या मेंदूपासून करतात. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "पाह्य बेबे, शेवटी जनावरच कामी आलं," असं परतीच्या सबंध वाटेवर मला सांगत होते. मी बार्शीटाकळीच्या फाट्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होते.

हरणी तोवर मेली होती. डॉक्टरनं बजावल्याप्रमाणे तिला विहिरीपासून आणि बगिच्यापासून दूर, खडकाळ कोपऱ्यात, खोल पुरून वर चुना टाकला. झाड लावायचं नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. एकदा मी बोलवायला गेले तर म्हणाले, "सगळ्या झाडाले लागल्या. हे तेवढी वाया गेली." मला दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. नाल्यातल्या साबणावरून मात्र मरेपर्यंत बोलत राहिले.

ते ऐंशी ओलांडून गेले, झोपेतच. मी अमरावतीहून पोचले तेव्हा त्यांना अंगणात निंबाखाली पाटावर बसवलेलं होतं. मला भाऊ नाही, म्हणून शेवटचं पाणी मी घालणार होते. चुलतभावानं दुकानातून नवी साबणाची वडी आणली आणि कागद फाडून माझ्यापुढे धरली. चंदनाच्या वासाची होती, महागातली. सगळे वाट पाहत होते. मी म्हणाले, "या घरी साबण नाही लावत." मायनं आतून शिकेकाई आणि काळी माती आणून दिली. त्यानंच मी त्यांना घासलं, दोन्ही हात कोपरापर्यंत, नखांखालचं काळं तसंच राहू दिलं. पाणी अळूच्या वाफ्यात गेलं.

तेराव्यानंतर अमरावतीला घरी आले. दार लावलं, आणि आधी साबणानं हात धुतले. तीनदा, कोपरापर्यंत.